वाळवंटात दारच्या कोंबड्या: दुपार कशी काढायची?

रेतीकाठ
नमस्कार मंडळी. इथले धागे वर्षभर नुसते वाचत आलेय. आज पहिल्यांदाच स्वतः काढतेय, कारण जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या घराभोवती वाळूच वाळू, मधूनमधून काटेरी झुडपं. घरामागे गेल्या महिन्यापर्यंत अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. आता कोंबड्या नऊ उरल्यात. पहिली गेली ती भर दुपारी. पारा ४६ वर होता. पाण्याच्या भांड्यापाशी पंख पसरून, चोच उघडी टाकून पडलेली सापडली. दुसरी चार दिवसांनी. सकाळी दार उघडलं तेव्हा फांदीखाली पडली होती, अंग थंडगार. उरलेल्या सुस्तावल्यात. पाणी घटाघटा पितात, दाण्याला तोंड लावत नाहीत, विष्ठा हिरवट पातळ. तुरे कसे लालभडक असायचे, आता फिकट गुलाबी दिसतात. रोजची सात-आठ अंडी तिनावर आलीत, आणि तीही अशी पातळ कवचाची की उचलताना बोट आत जातं.

खुराडं मातीच्या भिंतींचं आहे, वर काटक्या नि गवताचं छप्पर. बसायला झाडाच्या जाड फांद्या सालासकट आडव्या टाकल्यात.

सौर पंखा बसवू का? की उन्हाळाभर वाळवंटात कोंबड्या ठेवूच नयेत? एकेक कोंबडी पिल्लू असल्यापासून हातावर वाढवलीय, तेव्हा "देऊन टाक" एवढं मात्र कुणी सांगू नका.

निळापत्रा
पंखा बसवाच ताई. माझ्या शेडला दोन आहेत, वारा खेळता राहिला की कोंबड्या खूश.

जुनेखुराडे
निळापत्रा, तुमच्याकडे दुपारी किती तापतं ते आधी सांगा. कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१ ते ४२ डिग्री. तिला घाम येत नाही. बाहेरची हवा ४५ झाली की पंखा तिच्या अंगावर भट्टीचा वारा घालतो. कोरडा पंखा ३५-३६ पर्यंत ठीक, त्यापुढे पाण्याची जोड हवीच.

रेतीकाठताई, सव्वीस वर्षं वाळूत कोंबड्या पाळतोय. तीन गोष्टी सांगतो, त्या आजच करा.

पाणी. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरभर पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. पण कोमट झालेलं पाणी ती टाळते, तहान लागली तरी नुसती चोच बुडवून परत फिरते. वरच्या टाकीतून नळीने पाणी घेत असाल तर दुपारी पहिलं बादलीभर पाणी हाताला चटका देतं. ते झाडांना सोडा, मग भांडी भरा. भांडं मातीचं, पसरट, सावलीतल्या जमिनीत निम्मं पुरलेलं. एक नको, चार ठेवा. कोंबडी उन्हातून चालत पाण्यापर्यंत जात नाही, सावलीतच बसून राहते.

दाणा. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती चार-सहा तासांनी सगळ्यात जास्त असते. सकाळी आठ-नऊला पोटभर खाऊ घातलं की नेमकी भर उन्हात आतून शेगडी पेटते. म्हणून तांबडं फुटायच्या आत दाणा टाका, नऊपर्यंत उचलून घ्या. पुन्हा ऊन उतरल्यावर.

सावली. छपराला छप्पर करा. आहे त्याच्या वर हातभर अंतर सोडून दुसरं गवताचं किंवा झापांचं. मधून वारा गेला पाहिजे. मातीच्या भिंती उत्तम, त्या काढू नका.

ओलंगोणपाट
जुनेखुराडेकाकांना +१.

माझं नावच उपायावरून पडलंय. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट टांगायचं आणि वर भोकं पाडलेली नळी ठेवून त्यावर पाणी ठिबकत ठेवायचं. कोरड्या हवेत हा उपाय जसा लागू पडतो तसा दमट मुलखात पडत नाही. बाहेर ४५ असताना खुराड्यात ३४ मी स्वतः मोजलंय. फक्त जमीन चिखल होऊ देऊ नका. ओल्या विष्ठेचा अमोनिया झाला की डोळे चुरचुरायला लागतात, कोंबड्यांचे आणि आपलेही.

निळापत्रा
आमच्याकडे ३८च्या वर क्वचित जातं. काकांचं म्हणणं पटलं, पंख्याबद्दलचा सल्ला मागे घेतो. पण मातीच्या भिंतींबद्दल माझं वेगळं मत आहे, ते नंतर लिहितो.

पशुवैद्य_फिरता
पातळ कवचाबद्दल थोडं.

कोंबडी उष्णता बाहेर टाकते ती धापा टाकून, आणि तुरा व गळ्याखालच्या लाल कातडीतून. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं. त्यातल्या कार्बोनेटचा साठाच आटला तर कितीही कॅल्शियम खाऊ घाला, कवच पातळच राहणार. शिवाय उन्हात खाणं कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी. म्हणून आधी गारवा, मग शिंपल्यांचा चुरा. चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, दाण्यात मिसळू नका. जिला गरज असते ती आपणहून खाते, शक्यतो संध्याकाळी, कारण कवच चढतं ते मुख्यतः रात्री.

क्षारांची पुडी पाण्यात घालायची तर अगदी तापलेल्या दिवसांत, आणि शेजारी साधं पाणी ठेवून.

एखादी कोंबडी आडवी झालीच तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्याने जाते. सावलीत घेऊन पाय आणि पोटाखालचा भाग साध्या गार पाण्यात धरा, तुऱ्याला ओलं फडकं लावा.

रेतीकाठताई, विष्ठा हिरवट म्हणताय. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस झालीय का?

रेतीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज चार मातीची भांडी पुरली, गोणपाट टांगलं. दुपारी दोनला आत जाऊन बसले तेव्हा मलाच बरं वाटलं.

डॉक्टर, लस झालीय. लासोटा, तीन महिन्यांपूर्वी, डोळ्यात थेंब. मान वाकडी होणं, गरगर फिरणं असलं काही कुणालाच नाही.

पशुवैद्य_फिरता
लस तुमच्यापर्यंत बर्फात आली होती का? वाळवंटात घोडं इथंच अडतं. साधी लस बर्फाबाहेर राहिली की काही तासांत निकामी होते आणि आपण समाधानात राहतो की लस झाली. याच अडचणीवर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात आय-२ नावाची उष्णता सोसणारी लस तयार केली गेली, खास खेड्यांतल्या कोंबड्यांसाठी. आफ्रिका आणि आशियातल्या बऱ्याच देशांत ती वापरली जाते. मिळत असेल तर वाळवंटात तीच बरी.

मानमोडी पहिल्यांदा १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलला नोंदली गेली. शंभर वर्षं होत आली तरी गावंच्या गावं रिकामी करायची तिची ताकद गेलेली नाही.

रेतीकाठ
बर्फाच्या डब्यातून आणली होती, घरी येईपर्यंत बर्फ होता. आणल्याबरोबर अर्ध्या तासात दिली.

सहा_पिल्लं
धाग्यात मधेच घुसतेय, राग मानू नका. माझी एक कोंबडी खुडूक झालीय. पिसं फुगवून बसते, जवळ गेलं की टोचते. या उन्हात अंड्यांवर बसवू का? मागच्या खेपेला बारापैकी दोनच पिल्लं निघाली. बाकीची कवचातच चिकटून मेली.

मोकळंरान
@सहा_पिल्लं, चिकटून मेली म्हणजे हवा फार कोरडी होती. अंड्यातून २१ दिवसांत ठरावीकच ओल उडून जायला हवी, साधारण वजनाच्या १२-१३ टक्के. वाळवंटात त्याहून जास्त उडते. आतलं पातळ आवरण चामड्यासारखं वाळतं, पिल्लाला फिरता येत नाही.

टोपलीत बसवू नका. सावलीच्या कोपऱ्यात जमिनीत वीतभर खड्डा करा, तळाला ओलसर माती, वर वाळलेलं गवत, त्यावर अंडी. शेवटचे तीन दिवस खड्ड्याच्या कडेने सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. अंड्यांवर नव्हे, मातीवर. आणि कोंबडीला दिवसातून एकदा उठवून पाणी पाजा. काही खुडूक कोंबड्या इतक्या हट्टी असतात की उन्हात उठतच नाहीत, बसल्या जागी जीव सोडतात. माझी एक तशी गेलीय. अंडी उबदार होती आणि ती गार पडलेली. तो दिवस मी विसरत नाही.

बसवायची अंडी मात्र ताजी घ्या. आपल्याकडे खोलीचं तापमानच ३५ असतं. फळलेलं अंडं तेवढ्यातही अर्धवट वाढायला लागतं आणि मग आतल्या आत मरतं. चार दिवस फडताळात पडलेली अंडी खाली घातली की दोष बिचाऱ्या कोंबडीवर येतो.

तुरेवाला
याच कारणासाठी खायच्या अंड्यांच्या कळपात मी कोंबडा ठेवत नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देतेच, आणि उन्हाळ्यात अंडं फोडल्यावर आत लाल शिरा दिसायची भीती राहत नाही. अंडी दिवसातून तीनदा गोळा करावीत ती वेगळीच.

जुनेखुराडे
कोंबड्याशिवाय खुराडं? तुरेवाला, आभाळात शिक्रा दिसला की पहिला आवाज कोण देतं? माझ्या कोंबड्याने घसा काढून साद घातली की अर्ध्या श्वासात सगळा कळप झुडपाखाली. चार उन्हाळ्यांत शिक्र्याने एकही कोंबडी नेलेली नाही.

तुरेवाला
काका, तुमचा कोंबडा तुमच्यासारखाच सावध असणार. माझा होता तो दाणा टाकला की सगळ्यांच्या आधी धावायचा आणि शिक्रा आला की सगळ्यांच्या आधी लपायचा. 😀

अंगणभर
अवांतर: उबवणुकीवरून आठवलं. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवायची पद्धत फार जुनी, दोन हजार वर्षांहून अधिक. कोंबडी नाही, थर्मामीटर नाही. सांभाळणारा माणूस अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावतो आणि ऊब बरोबर आहे का ते सांगतो. पापणीची कातडी पातळ, तिला अर्ध्या डिग्रीचा फरक कळतो म्हणतात. मी यंत्रात अंडी ठेवते, पण रोज एक अंडं पापणीला लावून बघते. ३७.५ डिग्रीचं अंडं गरम लागत नाही, गार लागत नाही, जणू आपलंच अंग. आता पडद्यावरचा आकडा बघायच्या आधी मला कळतं.

सहा_पिल्लं
@मोकळंरान, खड्डा खणला, माती ओली केली. पापणीचं वाचून अंगावर काटा आला. आजच करून बघते.

खाऱ्याविहिरीचा
इजिप्तवरून जातीचं बोलू या का? रेतीकाठताईंनी कोंबड्या कुठल्या ते लिहिलंच नाही.

मी सुरुवात भारदस्त, पिसांनी भरलेल्या कोंबड्यांनी केली. दिसायला देखण्या, पण पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्या गेल्या. आता माझ्याकडे उघड्या मानेच्या आहेत आणि काही फायूमी. उघड्या मानेच्या जातीत जनुकच असं की मानेवर पिसं नसतात आणि बाकी अंगावरही कमी. दोन्हीकडून तो गुण आला तर पिसारा चाळीस टक्क्यांपर्यंत कमी. फायूमी इजिप्तच्या फायूमकडची, शिडशिडीत, चपळ, अंडं लहान. तिला कोंडून घातलेलं मुळीच खपत नाही. कुंपणावर उडून बसते आणि वरून आपल्याकडे बघते.

आणि पाणी खारं आहे का तेही तपासा. बोअरचं पाणी आपल्याला चालतं म्हणून कोंबडीला चालेल असं नाही. लिटरला हजार मिलिग्रॅमच्या आत क्षार असले तर निवांत. तीन हजारांच्या वर गेले तर विष्ठा पातळ, वाढ खुंटलेली, आणि पिल्लं सगळ्यात आधी जातात. आमच्या विहिरीचं तीन हजार दोनशे निघालं. तेव्हापासून पावसाचं साठवलेलं पाणी पिल्लांसाठी राखून ठेवतो.

रेतीकाठ
माझ्या साध्या गावठीच आहेत, वेगवेगळ्या रंगांच्या. पाणी तपासलं, आठशेच्या आसपास. तिथे काही अडचण दिसत नाही.

पण मंडळी, मन खट्टू झालंय. पाच दिवस सगळं केलं. दुपारी आता धापा जवळजवळ नाहीत, खुराड्यात ३५ च्या वर जात नाही. तरी सकाळी दार उघडावं तर पेंगुळलेल्या. तांबडी नावाची सगळ्यात धीट कोंबडी, दार उघडायच्या आत माझ्या पायाशी यायची. ती आज फांदीवरून उतरलीच नाही. उचलून खाली ठेवली तर पाय दुमडून बसली. अंडी दोन.

निळापत्रा
ऐकून वाईट वाटलं ताई. पत्र्याची तात्पुरती शेड हवी असेल तर कशी उभारायची ते पायरीपायरीने लिहून देतो.

वाळूचंघड्याळ
वाळूच्या जमिनीबद्दल कुणीच बोललं नाही. मी गवत काढून जाड रेती टाकली. विष्ठा तासाभरात वाळते, रोज चाळणीने उचलायची, वास नाही की माश्या नाहीत. आणि धुळीत लोळायला वेगळी जागा लागत नाही.

मोकळंरान
रेती खुराड्याच्या आत ठीक. अंगणात उघड्यावर नको, दुपारी पायाचे तळवे भाजतात. आणि वादळाच्या दिवसांत वाऱ्याच्या बाजूचं तोंड कापडाने झाकायला विसरू नका. बारीक धूळ नाकात बसली की आठवडाभर शिंकत राहतात.

चिमणचारा
विंचवांवर कुणी लिहा ना! आमच्या कोंबड्या दगडाखालचा विंचू ओढून काढतात, आपटून आपटून नांगी निकामी करतात आणि गिळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळत धावले होते. कोंबड्या आल्यापासून घरात एक विंचू निघालेला नाही.

पिल्लांसाठी आणखी एक सोपा खुराक: मडक्यात शेण आणि ओला पाचोळा दाबून भरायचा आणि वाळवी असलेल्या जागी पालथं घालून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळवीने भरलेलं असतं. आफ्रिकेतल्या कोरड्या भागात पिल्लांना असंच वाढवतात. पिल्लं वेडी होतात त्यावर.

ओंजळभर
मी सहसा लिहीत नाही, पण काल रात्री पहिली पोस्ट परत वाचली आणि झोप लागली नाही.

रेतीकाठताई, तुमची पहिली कोंबडी दुपारी गेली. ती उन्हानेच गेली असेल. दुसरी मात्र रात्रीतून गेली. वाळवंटातली रात्र दिवसापेक्षा १५-२० डिग्रीने उतरते, रात्री उन्हाने कोंबडी जात नाही. तुरे फिकट पडलेत. उन्हाने तुरा काळपट होतो किंवा लाल राहतो, गुलाबी पडतो तो रक्त कमी झाल्यावर. विष्ठा हिरवी, पाण्याची तहान, सकाळची पेंग, पायांतलं बळ गेलेलं. आणि भिंती मातीच्या, फांद्या सालासकट.

आज रात्री दहानंतर विजेरी घेऊन खुराड्यात जा. दिवसा जाऊन उपयोग नाही. फांदीचं साल सुरीच्या टोकाने उचकटा, भिंतीच्या भेगांत उजेड टाका, आणि तांबडीच्या पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. काय दिसतं ते लिहा.

निळापत्रा
मातीच्या भिंतींबद्दल मला हेच लिहायचं होतं, राहून गेलं. त्याच दिवशी लिहायला हवं होतं.

रेतीकाठ
रात्रीचे साडेअकरा झालेत. हात अजून थरथरतायत.

आत गेले तेव्हा सगळं शांत. तांबडी ज्या फांदीवर बसते तिचं साल सुरीने उचकटलं, तर खाली एकाला एक चिकटून बसलेल्या चपट्या, लंबगोल, तपकिरी गोचिडी. डाळीच्या दाण्यापेक्षा मोठ्या, कडेला सुरकुत्या, कातड्याच्या तुकड्यासारख्या. काही फुगून पाटीसारख्या निळसर झालेल्या. भिंतीच्या भेगेत बोटभर आत विजेरी मारली, तिथेही तेच. एक तांबडीच्या पायावरून वर चढत होती. मी ती उचलून दगडावर ठेचली तर रक्ताचा डाग पडला.

पंखाखाली फुंकर मारली. मोहरीएवढे निळे-काळे ठिपके, कातडीत रुतलेले. मी मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे थांबले.

रोज रात्री मी दार नीट लावून, कडी दोनदा तपासून, निवांत झोपायला जात होते.

ओंजळभर
ताई, स्वतःला बोल लावू नका. ही गोचीड दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही. मोठी झालेली रात्री येते, अर्धा-पाऊण तास रक्त पिते, उजाडायच्या आत भेगेत परत जाते. अंगाला चिकटून राहतात ती फक्त गोचिडीची पिल्लं, तेच पंखाखालचे ठिपके, पाच-दहा दिवस. माझ्या पहिल्या कळपातल्या चौदा कोंबड्या यापायीच गेल्या आणि मी शेवटपर्यंत उन्हाळ्याला शिव्या देत होते.

पशुवैद्य_फिरता
ओंजळभर, तुमच्या नजरेला नमस्कार. मी कवचाच्या आणि लसीच्या मागे लागलो, फिकट तुरा डोळ्यांसमोर असून निसटला.

ही कोंबडीची गोचीड, शास्त्रीय नाव आर्गस पर्सिकस. कोरडा, उष्ण मुलूख तिच्या आवडीचा. रक्त पिते तेवढंच नाही, तिच्यातून बोरेलिया नावाचा जंतू कोंबडीच्या रक्तात उतरतो. ताप, तहान, हिरवी विष्ठा, पेंग, पायांतली ताकद जाणं, सगळं जुळतंय. पेनिसिलिन त्यावर चांगलं लागू पडतं, पण मात्रा वजनावर ठरते. उद्या सकाळीच जवळच्या पशुवैद्याकडे तांबडीला घेऊन जा, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघायला सांगा, आणि दोन-तीन गोचिडी बाटलीत भरून न्या. कोंबड्यांच्या अंगावर काय फवारायचं तेही तेच ठरवतील, अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचारा.

आज रात्रीच करायचं एकच काम: कोंबड्या तिथून हलवा. डालग्यात, खोक्यात, घराच्या ओट्यावर, कुठेही. हलवताना पंखाखालचे ठिपके आपल्याबरोबर चाललेत हे मात्र लक्षात ठेवा. नवी जागाही दहा दिवसांनी तपासायची.

रेतीकाठ
हलवल्या. नऊच्या नऊ आणि कोंबडा ओट्यावर आहेत, मीही तिथेच अंथरूण टाकलंय.

जुनेखुराडे
रेतीकाठताई, मातीच्या भिंती उत्तम, काढू नका, असं मी ठामपणे लिहिलं होतं. भेगांचं लिहायला विसरलो. माझ्या भिंती दर हिवाळ्यात लिंपून वर चुना फिरवतो, ते अंगवळणी पडलंय म्हणून सांगायचं सुचलं नाही. सालाच्या फांद्या तर मी कधीच वापरत नाही. माझी चूक आहे.

आता असं करा. फांद्या आणि छपराचं गवत बाहेर काढून जाळा, जपून ठेवायच्या मोहात पडू नका. ही गोचीड उपाशीपोटी दोन वर्षंही तग धरते, खुराडं रिकामं ठेवून ती मरायची नाही. भिंतींची प्रत्येक भेग आधी ज्योतीने भाजून घ्या, छप्पर उतरवल्यावरच आणि पाण्याची बादली शेजारी ठेवून. मग ओल्या मातीने भरा, वर घट्ट चुना, दोन हात. दांड्या रंध्याने गुळगुळीत केलेल्या लाकडाच्या, रुंद, म्हणजे थंडीत पोटाची पिसं बोटांवर येतात.

निळापत्रा
आणि दांड्या भिंतीला टेकवू नका. चार पायांवर उभा चौकट-माच करा, प्रत्येक पाय तेल भरलेल्या डब्यात. गोचीड डबा ओलांडू शकत नाही. काका, माती ठेवू द्या त्यांना, उन्हाला तीच बरी. माझ्या पत्र्यात दुपारी काय होतं ते मला माहितीय.

खाऱ्याविहिरीचा
धागा वाचून आत्ता विजेरी घेऊन गेलो होतो. माझ्याकडेही दोन भेगांत सापडल्या. ओंजळभर, तुमचे उपकार.

चिमणचारा
आमच्याकडे नाहीत, पण साल असलेल्या दांड्या आजच काढल्या.

रेतीकाठ
अठरा दिवसांनी लिहितेय.

रक्तात जंतू निघाले. सगळ्यांना सुया झाल्या. काळी गेली, तिसऱ्या दिवशी, माझ्या मांडीवर. बाकीच्या आठ आहेत.

खुराडं जुनेखुराडेकाकांनी सांगितलं तसंच केलं. छप्पर उतरवलं, भेगा भाजल्या, लिंपलं, चुन्याचे दोन हात दिले. वर दोन छपरं, मधे हातभर अंतर. माच निळापत्रांच्या पद्धतीने, चार डब्यांत. रोज रात्री दहाला विजेरी घेऊन जाते, पांढऱ्या चुन्यावर काळं काही हललं तर लगेच दिसेल. बारा दिवसांत एक दिसली, डब्यातल्या तेलात.

बाहेर आजही ४५ आहे. तांबडी परवापासून दाराशी यायला लागलीय. तुऱ्याची टोकं लाल होतायत, मुळाशी अजून गुलाबी आहे. अंडी मोजत नव्हते, औषधामुळे खायची नव्हतीच. पण आज सकाळचं एक हातात घेतलं आणि सवयीने अलगद धरलं, तर कवच टणक. नखाने टकटक करून पाहिलं.

एक विचारायचं राहिलं: डब्यातल्या तेलावर धूळ साचून साय धरते. ते किती दिवसांनी बदलता?

निळापत्रा
वादळ झालं की दुसऱ्या दिवशी. एरवी पंधरा दिवसांनी. डब्यावर पत्र्याची छोटी टोपी बसवा, पायाला घट्ट आणि डब्याला न टेकणारी. धूळ पडत नाही आणि कोंबड्यांची चोचही तेलात जात नाही. मापं उद्या टाकतो.